मूठभर काळे वाटाणे

दिवस मावळतीला झुकला, की प्रत्येक घरात एक प्रश्न हळूच डोके वर काढतो : 'आज रात्री जेवायला काय करायचे?' सणासुदीला या प्रश्नाचे उत्तर रूढीने आधीच देऊन ठेवलेले असते. गणेशचतुर्थीला मोदक होतात, होळीला पुरणपोळी होते. त्या दिवशी स्वयंपाकासाठी वेळ असतो, उत्साह असतो आणि मदतीला चार हातही असतात. परंतु वर्षातील बहुतेक दिवस सणांचे नसतात. ते कामाचे असतात, दमणुकीचे असतात. शेतावरून, शाळेतून, कचेरीतून माणसे थकूनभागून घरी येतात, तेव्हा त्यांना कडकडून भूक लागलेली असते. अशा साध्या संध्याकाळी थोड्या वेळात आणि थोड्या खर्चात पोटभर व रुचकर अन्न पानात वाढणे, ही पक्वान्ने रांधण्याहून लहान कला नव्हे. ही कला मला मूठभर काळ्या वाटाण्यांनी शिकवली. ती कशी, ते आज तुम्हांला सांगतो.

काळे वाटाणे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. आकाराने ते पांढऱ्या वाटाण्याहून लहान, रंगाने काळपट तपकिरी आणि सालीने चिवट असतात. त्यांचे रूप कोणाला भुरळ घालील असे नाही. तरीही दक्षिण कोकणात, विशेषतः मालवणाकडच्या मुलखात, या धान्याला मोठा मान आहे. भाजलेल्या खोबऱ्याचे वाटप लावून त्याची जी रसदार उसळ करतात, तिला आमच्याकडे 'सांबारे' म्हणतात. इडलीबरोबर मिळणारे सांबार निराळे आणि हे निराळे. आंबोळी, घावन, वडे, भाकरी किंवा नुसता ऊन भात, यांपैकी कशाशीही या सांबाऱ्याचे सख्य जमते. ज्या दिवशी मासळी आणि कोंबडी वर्ज्य असते, त्या दिवशी तर वड्यांशेजारची जागा या वाटाण्यांचीच.

१९७१ सालच्या आषाढातील गोष्ट. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि सातवीत शिकत होतो. मालवण तालुक्यातील एका लहानशा गावी आमचे घर होते. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा झाला नव्हता. तो १९८१ साली झाला. आमचा सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. वडील मुंबईला कापडाच्या गिरणीत कामाला होते. महिन्याकाठी त्यांची मनीऑर्डर येई आणि वर्षातून एकदा ते स्वतः येत. घरी आई, मी आणि माझी सहा वर्षांची धाकटी बहीण अशी तिघे होतो. थोडी भातशेती होती. ती आई शेजारच्या बायकांच्या साहाय्याने करी. आज सर्वांनी मिळून एकीच्या शेतात लावणी करायची, उद्या दुसरीच्या, अशी त्यांची रीत होती. यात मजुरीचे पैसे कोणी कोणाला देत नसे. मात्र जिच्या शेतात काम असेल, तिने संध्याकाळी सर्वांना जेवू घालावे, असा अलिखित नियम होता.

आमच्या शेताची पाळी रविवारी होती. त्याआधी दोन दिवस आई थंडीतापाने आजारी पडली. शनिवारी दुपारी मी शाळेतून घरी आलो, तेव्हा ती माजघरात घोंगडी पांघरून पडली होती. तिच्या कपाळाला हात लावला, तर चटका बसला. बहीण उशाशी बसून होती. "आई, आज स्वयंपाक मी करतो," असे मी मोठ्या ऐटीने सांगितले. आईने डोळे न उघडताच मान हलवली.

डब्यात काळे वाटाणे होते. आईच्या हातचे सांबारे मी इतक्या वेळा खाल्ले होते, की ते आपल्याला करता येईल याविषयी मला तिळमात्र शंका वाटली नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास मी चूल पेटवली, मडक्यात पाणी ठेवले आणि डब्यातून काढलेले वाटाणे कोरडेच्या कोरडे त्यात टाकले. चव लवकर उतरावी म्हणून चार आमसुलेही त्याच वेळी घातली. मग मी त्यांच्या शिजण्याची वाट पाहू लागलो.

सात वाजले. मी पळीने एक दाणा काढून दातांखाली धरला. तो दगडासारखा होता. आठ वाजले, तरी तोच प्रकार. बाहेर पाऊस कोसळत होता. उन्हाळ्यात वाळवून पडवीत रचून ठेवलेली सुकी लाकडे म्हणजे पावसाळ्यातले आमचे धन. मी भराभर ती चुलीत सारत होतो. तीन दिवस पुरावीत एवढी लाकडे त्या एका संध्याकाळी जळाली. नऊ वाजता बहीण माझ्या मांडीवर डोके ठेवून विचारू लागली, "दादा, झाले का रे?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. शेवटी दुपारची उरलेली पेज मिठाच्या खड्याबरोबर तिला दिली. ती अर्धी पेज पिऊन तशीच झोपी गेली. मडक्यात वाटाणे खळखळत होते, परंतु ते वाटाणे नव्हते. बंदुकीचे छरे होते!

मी आईजवळ जाऊन बसलो. मला रडू येत होते. उद्या सहा बायका आपल्या शेतात चिखलात वाकून राबणार आणि संध्याकाळी त्यांच्या पानात आपण काय वाढणार, या विचाराने माझा जीव कासावीस झाला होता. आई क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "वाटाणे भिजत घातले होतेस का?"

मी नकारार्थी मान हलवली.

तेव्हा आई आमच्या मालवणी बोलीत म्हणाली, "झिला, घाई चुलीर करूची नाय, ती आदल्या रात्रीच करूची!"

बाळा, घाई चुलीवर करायची नसते. ती आदल्या रात्रीच करून ठेवायची असते, असा त्या बोलण्याचा अर्थ. मी पुढे पुष्कळ शिकलो, मोठमोठे ग्रंथ वाचले, विद्यार्थ्यांना शिकवले. पण इतक्या थोड्या शब्दांत इतके शहाणपण मला क्वचितच आढळले.

त्या रात्री निजण्यापूर्वी मी चार वाट्या वाटाणे निवडले, दोनदा धुतले आणि मोठ्या पातेल्यात कोमट पाण्यात भिजत घातले. सकाळी उठून पाहतो, तो पातेले गच्च भरलेले! दाणे फुगून जवळजवळ दुप्पट झाले होते. आईच्या सांगण्यावरून मी ते पाणी काढून टाकले, दाणे ओल्या फडक्यात सैल बांधले आणि ती पुरचुंडी चुलीच्या उबेला खुंटीवर टांगली. दुपारनंतर पुरचुंडी सोडली, तेव्हा कित्येक दाण्यांच्या टोकाला मोडाचा इवलासा पांढरा कोंब डोकावत होता. काल जो दाणा मला दगड वाटला होता, तो जिवंत होता!

मग आईने माजघरातून एकेक सूचना द्यावी आणि मी चुलीपाशी ती पाळावी, असा आमचा स्वयंपाक सुरू झाला. मी कांदा चिरला, नारळ खवला, दोन्ही तांबूस होईपर्यंत भाजले आणि पाट्यावर वरवंट्याने वाटले. वाटता वाटता माझे खांदे भरून आले. रोज हे काम करणारी आई कधी दमत असेल, असा विचार तोपर्यंत माझ्या मनात आलाच नव्हता. तो त्या दिवशी प्रथम आला. बहिणीने लसूण सोलून दिली. वाटाणे या वेळी तासाभराच्या आतच बोटाने चिरडण्याइतके मऊ झाले, आणि लाकडे कालच्या तुलनेने अगदी थोडी लागली.

दिवेलागणीला बायका शेतावरून आल्या. इरली बाहेर ठेवून, पाय धुऊन त्या ओळीने बसल्या. मी भात वाढला आणि त्यावर सांबारे वाढले. कोणी काही बोलले नाही. माझी छाती धडधडत होती. तेवढ्यात त्यांच्यातील सर्वांत वडील काकी पान पुढे सरकवून म्हणाल्या, "वाढ रे आणखी थोडे." पाठोपाठ दुसरे पान पुढे आले, मग तिसरे. बहीण तर केव्हाच बोटे चाटीत बसली होती. आईसाठी मी मऊ भात आणि वाटीभर सांबारे माजघरात नेले. तिने एक घास घेतला आणि म्हणाली, "मीठ थोडे कमी आहे." मग तिने वाटी रिकामी केली. दोन दिवसांत तिच्या पोटात प्रथमच अन्न गेले होते.

मुलांनो, त्या दोन संध्याकाळींत एवढे अंतर का पडले, याचा उलगडा मला पुढे शास्त्राच्या पुस्तकांनी केला. वाळलेल्या कडधान्याचा दाणा म्हणजे झोपी गेलेले बीज होय. त्याची साल चिवट असते आणि आतील गाभा कोरडाठाक असतो. पाणी त्याच्या अंतर्भागात हळूहळूच शिरते. त्यासाठी आठ-दहा तास लागतात. दाणा न भिजवता चुलीवर चढवला, तर हे सारे काम आपण जळण जाळून करू पाहतो. माझी दुसरी चूक आमसुलांची होती. दाण्यातील पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे द्रव्य उष्ण पाण्यात विरघळते आणि म्हणून दाणा मऊ होतो. आंबट पदार्थांमुळे ते द्रव्य लवकर विरघळत नाही. यास्तव चिंच, आमसूल किंवा टोमॅटो हे दाणा पुरता शिजल्यावरच घालावेत. काही जण दाणे लवकर शिजावेत म्हणून खाण्याचा सोडा टाकतात. त्याने दाणा मऊ होतो हे खरे, परंतु त्यातील ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो. ज्याला आदल्या रात्रीची आठवण आहे, त्याला सोड्याची गरज नाही.

भिजवण्याचे आणि मोड आणण्याचे आणखीही लाभ आहेत. कडधान्यांत काही विशिष्ट शर्करा असतात. त्या आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातील जंतू त्या आंबवतात आणि पोटात वायू धरतो. भिजवलेले पाणी टाकून दिल्याने व मोड आणल्याने या शर्करांचे प्रमाण घटते. कोरड्या दाण्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते. मोड येताना ते निर्माण होऊ लागते. दाण्यातील लोह शरीराला मिळण्यात जो अडथळा असतो, तोही मोड आल्याने कमी होतो. 'मोड आलेले कडधान्य खा' असे घरातील वडीलधारी माणसे सांगत आली, ते उगाच नव्हे.

आता ही उसळ आजच्या घरात, कामाच्या दिवशी, अर्ध्या तासात कशी करावी ते सांगतो. चार माणसांसाठी एक वाटी काळे वाटाणे रात्री भिजत घालावेत. सकाळी पाणी काढून फडक्यात बांधावेत. संध्याकाळी ते धुऊन, बुडून वर बोटभर येईल इतके पाणी आणि चिमूटभर हळद घालून प्रेशर कुकरमध्ये लावावेत. पहिली शिट्टी झाली, की आच मंद करून सुमारे पंधरा मिनिटे ठेवावे. कुकरच्या बंद भांड्यात वाफ कोंडल्यामुळे दाब वाढतो आणि पाणी १०० अंशांऐवजी सुमारे १२० अंश सेल्सियसपर्यंत तापते. म्हणून दाणे लवकर शिजतात. या युक्तीचे मूळ जुने आहे. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली असे वाफ कोंडणारे भांडे तयार केले होते.

कुकर चुलीवर असताना आपले हात मोकळे असतात. तेवढ्यात एक मोठा कांदा उभा चिरून चमचाभर तेलावर परतावा. त्यात वाटीभर खवलेला नारळ घालून तो तांबूस होईपर्यंत भाजावा. चार-पाच लसणीच्या पाकळ्या आणि आल्याचा लहानसा तुकडा घालून हे सर्व थोड्या पाण्याबरोबर बारीक वाटावे. हेच आमचे वाटप. दुसऱ्या भांड्यात दोन चमचे तेल तापवून हिंगाची फोडणी करावी, त्यात बारीक चिरलेला अर्धा कांदा मऊ करावा आणि दोन चमचे मालवणी मसाला घालून तो करपण्यापूर्वीच शिजलेले वाटाणे पाण्यासकट ओतावेत. पळीच्या पाठीने थोडे दाणे चेचावेत, म्हणजे रस दाट होतो. मग वाटप, मीठ आणि तीन आमसुले घालून पाच-सात मिनिटे उकळी येऊ द्यावी. वरून कोथिंबीर पेरावी. झाली उसळ!

लक्षात घ्या, की येथेही आदल्या दिवसांची पुण्याई कामी येते. मालवणी मसाला काही त्या संध्याकाळी होत नसतो. लाल मिरच्या, धणे, मिरी, लवंग, दालचिनी, बडीशेप, दगडफूल अशी सामग्री उन्हाळ्याच्या कडक उन्हात वाळवावी लागते, भाजावी लागते, कुटावी लागते आणि पाऊस येण्यापूर्वी बरणीत भरून ठेवावी लागते. मे महिन्यात कोणीतरी घाम गाळलेला असतो, म्हणून जुलैमध्ये आपल्याला दोन चमचे मसाला क्षणात मिळतो.

या उसळीचा दुसरा गुण म्हणजे तिचे बहुरूपित्व. पाणी जास्त ठेवले, की ती भातावर घेण्याजोगे सांबारे होते. पाणी आटवले आणि वाटपाऐवजी नुसते ओले खोबरे घातले, की तीच सुकी उसळ होते आणि भाकरीबरोबर डब्यात जाते. वर फरसाण आणि चिरलेला कांदा घालून लिंबू पिळले, की पावाबरोबर मिसळ होते. उरलेले दाणे दुसऱ्या दिवशी उकडलेल्या बटाट्यात कुस्करून, थोडे तांदळाचे पीठ लावून तव्यावर परतले, तर खमंग पॅटिस होतात. जो दाणा एका रात्रीपुरता भिजवला, तो असा दोन दिवस निरनिराळ्या वेषांत पानात येतो आणि कोणाला कंटाळा येऊ देत नाही. काळे वाटाणे न मिळाले, तर मटकी, चवळी किंवा मसूर यांचीही उसळ याच रीतीने करता येते. शिजण्याचा अवधी तेवढा कमी करावा लागतो. राजमा अथवा काळा घेवडा घेतला, तर मात्र एक दक्षता पाळावी. त्याच्या कच्च्या दाण्यात एक विषारी द्रव्य असते. म्हणून भिजवलेले पाणी टाकून देऊन तो दाणा चांगला खळखळ उकळून पूर्ण मऊ शिजवावा; अर्धाकच्चा कधीही खाऊ नये.

या काळ्या घेवड्याचे मूळ घर अमेरिका खंडात आहे. १४९२ साली कोलंबसाने तिकडचा समुद्रमार्ग शोधल्यानंतर घेवड्याच्या जाती जगभर पसरल्या. आपला वाटाणा मूळचा पश्चिम आशियातला. दोघांची घरे अशी हजारो कोस दूर. परंतु त्यांची पानातली वागणूक पाहा! मेक्सिकोतील माणूस काळा घेवडा शिजवतो आणि मक्याच्या भाकरीबरोबर खातो. क्यूबा बेटावर तोच घेवडा भातात मिसळून शिजवतात. ब्राझीलमध्ये भात आणि घेवडा हे रोजचे जेवण आहे. आणि कोकणातील माणूस भातावर वाटाण्याचे सांबारे ओततो. या लोकांनी एकमेकांना विचारून तर असे केले नाही. मग सर्वांना एकच गोष्ट कशी सुचली?

याचे उत्तर अन्नाच्या घटकांत आहे. आपले शरीर बांधणारी प्रथिने अनेक लहान घटकांची बनलेली असतात. तांदूळ, मका, ज्वारी यांसारख्या तृणधान्यांत त्यांपैकी एक आवश्यक घटक कमी असतो, आणि तोच कडधान्यांत विपुल असतो. उलट कडधान्यांत जो घटक कमी असतो, तो तृणधान्ये पुरवतात. एकाचे उणे दुसरा भरून काढतो. वाळलेल्या वाटाण्याच्या १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. ज्यांना दूध, अंडी, मांस रोज परवडत नाही, अशा कोट्यवधी माणसांची ताकद भात-उसळ आणि भाकरी-उसळ या जोडीने शतकानुशतके राखली आहे.

ही उपकाराची परंपरा ताटापुरतीच नाही. कडधान्याचे रोप उपटून पाहिले, तर त्याच्या मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्या गाठींत राहणारे सूक्ष्म जंतू हवेतील नत्र रोपाला मिळवून देतात. त्यामुळे कडधान्याला नत्रखत थोडेच लागते आणि पीक निघाल्यावर त्याच्या मुळांतून काही नत्र जमिनीलाही मिळते. कोकणात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल, चवळी, कुळीथ पेरण्याची जुनी चाल आहे. पानात जशी त्यांची भाताशी जोडी, तशीच ती शेतातही! या धान्यांचे महत्त्व ओळखून संयुक्त राष्ट्रसंघाने २०१६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि २०१९ पासून १० फेब्रुवारी हा जागतिक कडधान्य दिन ठरवला.

आता मी निवृत्त झालो आहे. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात आणि दिवस मावळल्यावर दमून घरी येतात. आठवड्यातील दोन संध्याकाळी स्वयंपाक माझ्याकडे असतो. शेजारचे एक गृहस्थ एकदा मला म्हणाले, "मास्तर, इतकी वर्षे शाळा चालवलीत, आता या वयात हे कसले काम?" मी त्यांना काही उत्तर दिले नाही, त्यांना पान वाढले. जेवण झाल्यावर त्यांनी कृती विचारून घेतली! अन्न रांधणे हे अमक्याचेच काम, तमक्याचे नव्हे, असे आपण मानतो. परंतु भूक तसा भेद मानत नाही. ज्याला भूक लागते, त्याला रांधता आले पाहिजे. मुलगा असो वा मुलगी, ज्याच्या घरी कोणी दमून येते, त्याने त्या दमलेल्या माणसासाठी पान मांडून ठेवावे, यात मोठी माणुसकी आहे.

आई आज या जगात नाही. तिचा तो पाटा-वरवंटा माझ्या मागील अंगणात आहे. वाटण्याचे काम आता यंत्र करते. चूल गेली, कुकर आला. तासाभराचे काम मिनिटांवर आले. परंतु एक गोष्ट कोणत्याही यंत्राने बदललेली नाही. वाटाण्याला फुगण्यासाठी अजूनही रात्रच लागते. परीक्षेच्या आदल्या रात्री सारे पुस्तक वाचू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला मी हीच गोष्ट सांगत असे. आच वाढवून कोरडा दाणा मऊ होत नाही.

म्हणून आजही रात्री दिवा मालवण्यापूर्वी मी स्वयंपाकघरात जातो, डबा उघडतो आणि मूठ मूठ वाटाणे पातेल्यात टाकून त्यावर पाणी ओततो. घर झोपलेले असते. पातेल्यातले दाणे मात्र हळूहळू जागे होत असतात.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) शनिवारच्या रात्री लेखकाचे वाटाणे का शिजले नाहीत? दोन कारणे सांगा.
(आ) शेजारच्या बायका लावणीच्या वेळी कोणती रीत पाळत?
(इ) भात आणि उसळ ही जोडी शरीराला हितकर का ठरते?

२. 'घाई आदल्या रात्रीच करायची असते' या आईच्या वाक्याचा अर्थ तुमच्या अनुभवातील एखादे उदाहरण देऊन स्पष्ट करा.

३. आईने 'मीठ थोडे कमी आहे' असे म्हटले आणि वाटी रिकामी केली. यातून तिच्या मनातील कोणता भाव दिसतो?

४. पुढील शब्दांचा व वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : तिळमात्र, अलिखित नियम, जीव कासावीस होणे, पुण्याई कामी येणे.

५. तुमच्या घरी कामाच्या दिवशी होणाऱ्या एखाद्या साध्या पदार्थाची कृती घरातील वडील माणसांना विचारून क्रमवार लिहा. त्या पदार्थाची कोणती तयारी आधी करून ठेवावी लागते, तेही सांगा.